पहिली खुर्ची

दुकानात खुर्च्या दोन होत्या. पहिली आतल्या भिंतीला, मोठ्या आरशासमोर, पंख्याखाली. तिला लाल रेक्झिन, हातांना पितळी मुठी आणि डोकं टेकायला गुबगुबीत उशी. दुसरी दाराशी, उन्हात. तिचं रेक्झिन तडकलं होतं ते माणसं बसून नाही, नुसतं ऊन खाऊन. दोघींच्या मध्ये चार पावलांचं अंतर. पहिल्या खुर्चीमागे दुकानाचे मालक उभे राहायचे, त्यांना सगळा बाजार उस्ताद म्हणायचा. दुसरीमागे त्यांची मोठी मुलगी उभी राहायची, तिला बाजार थोरली म्हणायचा. समोरच्या भिंतीला लांबलचक बाकडं होतं, त्यावर गिऱ्हाइकं बसायची.

थोरली पांढरं कापड झटकायची आणि म्हणायची, "या, बसा." गिऱ्हाईक एकदा तिच्याकडे बघायचं, एकदा उस्तादांच्या पाठीकडे बघायचं, आणि म्हणायचं, "मी थांबतो."

बावीस वर्षं ती हे दोन शब्द ऐकत होती. रिकामटेकडी माणसं थांबायची त्याचं काही नाही. पण गाडी पकडायची असलेला माणूससुद्धा थांबायचा. हातातलं तिकीट चाळत, घड्याळाकडे बघत, घामाघूम होत थांबायचा, रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून थांबायचा, आणि शेवटी गाडी चुकवायचा. मग घरी जाऊन बायकोवर ओरडत असणार. दुसऱ्या कोणावर ओरडणार?

थोरलीच्या हाताला नावं ठेवायला जागा नव्हती. वस्तऱ्याला धार लावावी तर तिनंच. चामड्याच्या पट्ट्यावर तिचा वस्तरा फिरला की बाकड्यावरची बोलणी थांबायची, इतका तो आवाज साफ होता. बाजारातली झाडून सगळी गिऱ्हाइकं तिनं धार लावलेल्या वस्तऱ्यानं दाढी करून घेत होती. वस्तरा तिचा चालत होता, हात तेवढा चालत नव्हता. "बाईच्या हातात गळा कसा द्यायचा?" लोखंडवाला एकदा म्हणाला होता, आणि सगळे खो खो हसले होते. तिनं लग्नही केलं नव्हतं. विचारायला दोघं-तिघं आले होते, पण प्रत्येकाची अट एकच होती, आधी वस्तरा खाली ठेव.

लहान मुलांचे केस कापायची तेवढी तिला मोकळीक होती. दुधाचे दात पडेपर्यंत पोरं तिच्या खुर्चीत फळीवर बसायची, रडायची, मग तिच्या बडबडीनं हसायची. आणि एक दिवस त्यांतलंच एखादं बापाशेजारी बाकड्यावर बसून, पाय हलवत म्हणायचं, "मी थांबतो." ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मोठ्यांचं सोडा, ते तसेच म्हातारे होणार होते. पण ह्यांना कोणी शिकवलं? शिकवलं कोणीच नव्हतं. बाकड्यावर बसून बसून आपोआप आलं होतं.

आता गंमत पुढेच आहे. गेली दोन वर्षं उस्तादांचा उजवा हात थरथरत होता.

सुरुवातीला चहाचा कप वाजायचा. मग कात्री वाजायला लागली. मग एके सकाळी कापडवाल्याच्या गालावर बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उमटली. कापडवाला म्हणजे बाजाराचा अध्यक्ष. बायकोला दुकानात बसू द्यायचं नाही, म्हणून जेवायला जाताना दुकानाला कुलूप लावणारा आणि परत येऊन गिऱ्हाईक गेलं म्हणून कपाळ बडवणारा. त्यानं आरशात रेघ पाहिली, उस्तादांच्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माझीच मान हलली हो."

त्या दिवसापासून बाजारातल्या सगळ्यांच्या माना हलायला लागल्या. कोणी म्हणायचं मान हलली, कोणी म्हणायचं शिंक आली, कोणी म्हणायचं माझी कातडीच नाजूक. उस्तादांना तुरटीचा खडा आठवड्याला एक लागायचा. कोणत्याही दुकानात जा, काउंटरमागचा माणूस गालाला वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून बसलेला. जखमा ते मिरवायचे नाहीत, पण त्यांच्याबद्दल बोलायचेही नाहीत. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं म्हटलं की हे लोक पटाईत. कोपऱ्यावरच्या घड्याळजीला तर सगळं पहिल्या दिवशीच कळलं होतं. हात थरथरला तर आपल्या धंद्यात काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण तोही मूग गिळून बसला आणि रांगेत थांबला.

आणि ह्या सगळ्यात उस्तादांची स्वतःची हनुवटी मात्र आरशासारखी. "दाढी असावी तर उस्तादांसारखी," कापडवाला म्हणायचा. उस्ताद हनुवटीवरून हात फिरवत म्हणायचे, "अजून माझी मीच करतो."

धादांत खोटं.

दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा होता. पडद्यामागे नळ, गॅसची शेगडी आणि एक लाकडी स्टूल. रोज सकाळी शटर उघडण्याआधी वीस मिनिटं उस्ताद त्या स्टुलावर बसायचे, मान मागे टाकायचे, डोळे मिटायचे. थोरली त्यांची दाढी करायची. आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस, मग वरून खाली एक हात, मग उलटा एक हात. हनुवटीखालच्या खळग्यात उस्तादांना एक जुना व्रण होता, तिथून वस्तरा फिरवताना ती श्वास रोखायची. अख्ख्या बाजारात मोठ्या माणसाची हीच एक हनुवटी तिच्या वाट्याला येत होती. खरं सांगायचं तर दिवसातली तेवढी वीस मिनिटं ती सुखी असायची. मग ती शटर वर करायची आणि दाराशी उन्हात जाऊन उभी राहायची.

तिचा भाऊ, धाकटा, आठ महिन्यांपासून दुकानात होता. त्याच्या सुखाची गोष्ट वेगळीच. तो आधी पलीकडच्या रस्त्यावर एका पाळणाघरात नोकरीला होता. एका वेळी सोळा मुलं झोपवायचा. कोणाला थोपटून, कोणाला गाणं म्हणून, एकाला तर नुसतं कानाची पाळी चोळून. संध्याकाळी घरी यायचा तो अंगाला दुधाचा वास आणि तोंडभर गोष्टी घेऊन यायचा. जेवताना उस्तादसुद्धा हसायचे. मग बाजाराला ते कळलं. "काय रे, आज कोणाला पाजलंस?" हा पहिला टोमणा कापडवाल्याचा. त्याचा स्वतःचा नातू रोज दुपारी धाकट्याच्या मांडीवर झोपत होता, तरी त्याचाच. मग जो तो विचारू लागला. उस्तादांना तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं ते म्हणायचे. एके दिवशी त्यांनी मुलाच्या हातात वस्तरा दिला आणि सांगितलं, "उद्यापासून दुकानात."

धाकटा दुकानात आला आणि त्याचं हसणं गेलं. दुसऱ्यांच्या मानेवरचे केस पाहिले की त्याला मळमळायचं. दुपारी तो डबा तसाच परत न्यायचा. उस्ताद त्याला पहिल्या खुर्चीशी आपल्या शेजारी उभं करायचे, आणि गिऱ्हाइकं त्याला खुशाल गळा द्यायची. आठ महिने शिकलेल्या, तोंड फिरवून ओकारी दाबणाऱ्या पोराला! त्यानं एकदा घड्याळजीच्या कल्ल्यांची वाट लावली, तर घड्याळजी म्हणाला, "शिकेल हळूहळू. पुरुषाचा हात आहे."

म्हणजे बघा, त्या एवढ्याशा दुकानात थोरली दुःखी, धाकटा दुःखी, उस्ताद जिवावर उदार होऊन रोज थरथरत उभे, आणि बाकड्यावरचे सगळे गाल चोळत बसलेले. जो तो आपल्या ठरलेल्या जागी हवालदिल. आणि जागा बदलायची म्हटलं, की सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबणार.

त्या दुकानाची एक रीत होती. म्हातारा कारागीर पहिली खुर्ची सोडतो, तेव्हा तो स्वतः तिच्यात बसतो, आणि जो पुढचा मालक, तो चारचौघांसमोर त्याची दाढी करतो. रक्ताचा थेंब आला नाही, तर खुर्ची त्याची. उस्तादांनी आपल्या वडिलांची अशीच केली होती. बाजार अजून त्या दाढीचं नाव काढायचा.

एका सकाळी पडद्यामागे, तोंडभर फेस असताना, उस्ताद म्हणाले, "येत्या सोमवारी बाजार बंद आहे. मी धाकट्याला खुर्ची देतोय. सगळ्यांना सांगितलंय."

थोरलीचा वस्तरा गालावर थांबला. तिला हे कधीतरी ऐकावं लागणार हे माहीत होतं.

"त्याला नकोय ती, बाबा."

"त्याला विचारलंय कोणी?"

"मला हवीये. मला विचारा."

फेसाचे बुडबुडे फुटत होते.

"बावीस वर्षं मी ह्या दुकानात उभी आहे," ती म्हणाली. "माझा हात वाईट आहे का? सांगा. आत्ता तुमच्या गळ्यावर आहे, म्हणून खोटं बोलू नका."

"वाईट कोण म्हणतंय? तुझ्यासारखा हात माझ्या बापाचासुद्धा नव्हता."

"मग हे बाहेर म्हणा."

"वेडी आहेस का?" उस्ताद डोळे न उघडता म्हणाले. "बाहेर म्हटलं तर उद्या बाकडं रिकामं होईल. तुला काय, तू बोलून मोकळी होशील. लोक मला विचारतील, की उस्ताद, मुलगा असून ही पाळी का आली? थोरले, काही गोष्टी असतात तशा असतात. आटप, शटरची वेळ झाली."

तिनं दाढी पूर्ण केली. एक केस राहू दिला नाही. तिला राग आला होता तो बापाचा, आणि त्याहून जास्त आपल्या हाताचा, की एवढं ऐकूनही तो जरासुद्धा हलला नाही.

सोमवारी दुकान खच्चून भरलं. बाकड्यावर कापडवाला, लोखंडवाला, घड्याळजी, आणि बाकीचे भिंतीला टेकून. गालांना कपटे तसेच. कापडवाल्यानं नवं पांढरंशुभ्र कापड आणलं होतं, भेट म्हणून. उस्ताद खुर्चीत बसले. मुद्दाम दोन दिवसांची दाढी वाढवली होती. थोरलीला गरम पाणी आणायला सांगितलं. तिनं आणलं. वस्तऱ्याला धार लावायला सांगितली. तिनं लावली. मग तिला बाजूला व्हायला सांगितलं.

धाकट्यानं फेस लावला. तेवढं बरं जमलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा हळुवार लावला. मग वस्तरा उचलला, बापाच्या मानेकडे पाहिलं, आणि तसाच उभा राहिला. कोणीतरी खाकरलं.

"चल रे," लोखंडवाला म्हणाला. "म्हातारा खुर्चीत झोपेल."

धाकट्यानं वस्तरा काउंटरवर ठेवला. "मला हे नको," तो म्हणाला. आवाज लहान होता, पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. "मी उद्यापासून पाळणाघरात जाणार आहे. त्यांनी माझी जागा भरलेली नाही अजून. आणि बाबांची दाढी ताई करते. रोज सकाळी, पडद्यामागे. दोन वर्षं झाली. खुर्ची तिची आहे."

सगळ्यांची तोंडं उस्तादांकडे वळली. आत्ता एक 'हो' म्हटलं तर पुरणार होतं. हे सगळे तिचे शत्रू असले तरी उस्तादांच्या शब्दाबाहेर नव्हते. तिनं आरशात बापाच्या डोळ्यांत पाहिलं. बापानंही पाहिलं.

"खोटं बोलतोय," उस्ताद म्हणाले.

"बाबा!"

"साफ खोटं! बहिणीनं पढवलंय त्याला." ते खुर्चीत ताठ झाले. "माझी दाढी मीच करतो. हे बघा."

त्यांनी वस्तरा उचलला. हात थरथरत होता, आणि आता रागानं जास्तच थरथरत होता. पहिला फटकारा गालावर, आणि फेसात गुलाबी रेघ. दुसरा जबड्याखाली. तिसरा हनुवटीच्या खळग्यात, बरोबर त्या जुन्या व्रणावर. रक्त गळ्यावरून उतरलं आणि कापडवाल्याच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर टपटपायला लागलं. उस्ताद थांबले नाहीत. ओठ घट्ट मिटून त्यांनी सबंध तोंड खरवडून काढलं, वस्तरा खाली ठेवला, आणि सगळ्यांकडे वळले.

घड्याळजीनं खाली पाहिलं. कापडवाला उभा राहिला.

"वा!" तो म्हणाला. "काय सफाई! एक थेंब नाही!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गालाला कपटे लावलेल्या त्या सगळ्या बाप्यांनी रक्ताळलेल्या म्हाताऱ्यासमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि लोखंडवाला थोरलीकडे न बघता म्हणाला, "जरा तुरटी दे ग इकडे."

तिनं तुरटी दिली. दुसरं काय करणार होती ती त्या क्षणी? पण देताना तिला एक गोष्ट लख्ख कळली. हे लोक आंधळे नाहीत. ह्यांना रक्त दिसतं, आग होते, दुखतं. तरी ह्यांना हेच पाहिजे. आपलं सुख गेलं तरी बेहत्तर, हिला मिळता कामा नये. इतकी वर्षं ती त्यांना हात दाखवायला धडपडत होती, जणू त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

"उस्ताद आहेत तोवर खुर्ची उस्तादांची," कापडवाल्यानं जाहीर केलं. लोक पांगले. धाकटा कोणाच्या लक्षात येण्याआधीच निघून गेला होता.

मंगळवारी सकाळी थोरली दुकानात आली तेव्हा उस्ताद पडद्यामागे स्टुलावर बसलेले होते. मान मागे, डोळे मिटलेले. तोंडावर तीन जखमा, आणि त्यांच्या अधूनमधून राहून गेलेले पांढरे खुंट. अगदी रोजच्यासारखे बसले होते. जणू काल काही घडलंच नव्हतं.

"जपून कर," ते म्हणाले. "खळग्यात दुखतंय."

तिनं पाणी गरम केलं. टॉवेल पिळून ठेवला. सगळ्या तोंडाला फेस लावला. उजवा गाल केला, जखमेच्या कडेकडेनं, इतका हलका की उस्तादांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. उजवा ओठ, उजवा जबडा, हनुवटीचा उजवा अर्धा भाग. मग वस्तरा पुसला आणि घडी करून खिशात टाकला.

"झालं?"

"अर्धी झाली. उरलेली बाहेर करीन. पहिल्या खुर्चीत. शटर उघडून."

उस्तादांचे डोळे खाडकन उघडले. "काय?"

"रोज इथे आत सुखी व्हायचं आणि बाहेर जाऊन मेल्यासारखं उभं राहायचं, हे मला आता जमणार नाही, बाबा. तुम्ही काल मला सगळ्यांसमोर खोटी ठरवलंत. मला त्याचं फार लागलंय."

"थोरले, नाटकं नकोत. आण तो वस्तरा."

ती पडद्याबाहेर गेली आणि तिनं शटर वर केलं. रोज बाकड्यावर बसणारी माणसं शटरबाहेरच उभी होती. कापडवाला, लोखंडवाला, घड्याळजी. ते आत येऊन बसले.

"या, बसा," थोरलीनं आपली खुर्ची झटकली.

"मी थांबतो," कापडवाला म्हणाला. "उस्ताद?"

"आहेत. येतील."

नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. पडद्यामागे भांडं पडल्याचा आवाज आला. उस्तादांनी आतला एखादा जुना वस्तरा शोधला असणार, पण काल आपण आपल्या तोंडाचं काय केलं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? टाळ्या वाजवणाऱ्यांना दुखलं नव्हतं. साडेनऊला पडदा हलला.

उस्ताद बाहेर आले. अर्धं तोंड गुळगुळीत, अर्ध्यावर वाळत चाललेला फेस. बाकड्यावरच्यांनी पाहिलं आणि तिघांच्याही माना खाली गेल्या. उस्तादांनी पहिल्या खुर्चीकडे पाहिलं. मग ती ओलांडून, चार पावलं चालून, दाराशी दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. बावीस वर्षांत त्या खुर्चीत बसलेलं ते पहिलं मोठं माणूस.

"घे," ते पुटपुटले. "इथे कर. तुझ्याच खुर्चीत. झालं समाधान?"

खरं तर तिला क्षणभर मोह पडला. केवढी मोठी गोष्ट होती ही! कालपर्यंत एवढ्यावर ती आनंदानं रडली असती.

"इथे नाही, बाबा," ती म्हणाली. "मी थांबते."

ती पहिल्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, आणि थांबली. थांबायचं कसं हे ह्याच लोकांनी तिला शिकवलं होतं.

दाराशी ऊन कडक होतं. उस्तादांच्या गालावरचा फेस सुकून पांढरे पापुद्रे सुटायला लागले. खाज सुटली असणार. हातात काम नसल्यामुळे त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर उघडाच थरथरत होता, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण तो बघत होता. आंघोळीचे साबण घ्यायला निघालेल्या दोन बायका थांबल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. मग दोघी हसल्या, आणि तोंड दाबून नाही, मोकळ्या हसल्या.

"पावणेदहा," घड्याळजी म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

उस्ताद उठले. चार पावलं चालायला त्यांना फार वेळ लागला. पहिल्या खुर्चीत बसले, डोकं उशीला टेकलं, हनुवटी वर केली. थोरलीनं कापड टाकलं, टॉवेल गरम केला, वाळलेला फेस पुसून नवा लावला.

"केसानं गळा कापलास तू माझा," ते हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"गळा शाबूत आहे, बाबा. हलू नका."

तिनं डावा गाल केला. जबडा केला. शेवटी हनुवटीच्या खळग्यात, कालच्या ताज्या जखमेच्या कडेनं, श्वास रोखून वस्तरा फिरवला. सबंध दुकान ऐकत होतं. मग तिनं कापड काढलं आणि झटकलं. कापड स्वच्छ होतं. ह्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी 'एक थेंब नाही' म्हणालं नाही. उस्ताद उठले, कोणाकडेही न बघता पडद्याआड गेले, आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

थोरलीनं पहिली खुर्ची बाकड्याकडे वळवली. "पुढचं कोण?"

लोखंडवाल्यानं छताकडे पाहिलं. घड्याळजी अर्धवट उठला, कापडवाल्याच्या तोंडाकडे बघून परत बसला. कापडवाल्यानं मांडीवर मांडी टाकली.

"मी थांबतो," तो म्हणाला.

"थांबा," थोरली म्हणाली. "पण कोणासाठी थांबताय, तेवढं मला सांगा."

कापडवाल्यानं तोंड उघडलं. पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. गालावरचा कपटा सुटून त्याच्या मांडीवर पडला, आणि जखम परत वाहायला लागली.